वाचकांचे प्रश्न : आसनावर बसल्यावर

ध्यान, प्राणायाम आणि रोजची साधना यांबद्दल आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. अडचणी वेगवेगळ्या दिसल्या तरी बहुतेकांचं मूळ एकच आहे : जोर. पाठ ताणून, श्वास कोंडून, मन दाबून शांत होण्याचा प्रयत्न. त्यामुळे तोच मुद्दा पुन्हा पुन्हा आला तर वाचकांनी समजून घ्यावं.

प्रश्न : वय ५२. ध्यानासाठी मांडी घालून बसतो. दहा मिनिटांत पाठीला पोक येतो, गुडघा ठणकतो, उजव्या पायाला मुंग्या येतात. पद्मासन तर जमतच नाही. खुर्चीवर बसून केलेलं ध्यान खरं नव्हे, असं काही जण सांगतात. काय करावं?

उत्तर : खुर्चीवर बसूनही ध्यान होतं, पुरेपूर होतं. योगसूत्रं रचणाऱ्या पतंजलींनी आसनाची व्याख्या एका छोट्या सूत्रात केली आहे : 'स्थिरसुखमासनम्'. बसणं स्थिर हवं आणि सुखाचं हवं. त्यात पद्मासनाचं नाव नाही. त्याच्या पुढचं सूत्र सांगतं की हे आसन 'प्रयत्नशैथिल्या'नं, म्हणजे प्रयत्न सैल सोडल्यानं आणि अनंताशी चित्त एकरूप झाल्यानं साधतं. गुडघा ठणकत असताना दात आवळून बसलं तर प्रयत्न सैल व्हायच्या ऐवजी दुप्पट होतो.

आता पोक का येतो ते पाहू. मांडीच्या मागचे स्नायू आणि खुब्याचे सांधे आखडलेले असले की सपाट जमिनीवर बसताना कमरेखालचा हाडांचा कटोरा मागे कलंडतो. तो कलंडला की वरचा कणा त्याच्यामागोमाग वाकतो. मग पाठ सरळ ठेवायला स्नायूंना सतत ओढ धरावी लागते आणि दहा मिनिटांत ते थकतात. पाठीला दटावून उपयोग नाही, बैठक उंच करायला हवी. जाड सतरंजी किंवा ब्लँकेटची घट्ट घडी करून चार ते सहा इंच उंचीचं आसन करा आणि त्याच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यावर बसा. घोटे जमिनीवर राहतील, नितंब वर राहतील. मऊ उशी घेऊ नका, ती दबते आणि पुन्हा कंबर मागे जाते. उंची बरोबर आहे की नाही, हे गुडघ्यांवरून कळतं. ते खुब्यांपेक्षा खाली असले पाहिजेत. गुडघे अधांतरी राहत असतील तर त्यांच्याखाली टॉवेलच्या घड्या द्या, म्हणजे मांड्या लोंबकळणार नाहीत.

बसल्यावर बसण्याची दोन टोकदार हाडं शोधा. तळहात नितंबांखाली सरकवून मांस थोडं मागे ओढलं की ती जमिनीला टेकलेली जाणवतात. मग धड चार-पाच वेळा पुढे-मागे झुलवा, प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा लहान. पाठीला सर्वांत कमी ताकद लागते तिथे थांबा. हनुवटी किंचित आत, खांदे खाली. छाती फुगवू नका. कवायतीसारखं ताठ बसलेल्या माणसाची कंबर लवकर भरून येते. हात मांड्यांवर इतके जवळ ठेवा की कोपर धडाच्या रेषेत राहील. हात पुढे गुडघ्यांवर ताणले की खांदे ओढले जातात आणि पोक पुन्हा येतो.

गुडघ्याबद्दल मात्र ठामपणे सांगायला हवं. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा आहे. दुमडणं आणि सरळ होणं हे त्याचं काम, पिळा त्याला फार थोडा सोसतो. पद्मासनात लागणारा फिरकाव खुब्यातून यावा लागतो. खुबा फिरत नसेल तर तो पिळा गुडघ्यावर येतो आणि आतल्या गादीला इजा होते. मांडीत ताण जाणवला तर चालेल. गुडघ्याच्या आत किंवा आतल्या बाजूला कळ आली तर पाय लगेच मोकळा करायचा. हातानं गुडघा खाली दाबण्याची सवय असेल तर ती आजच सोडा.

मुंग्या येतात त्या बहुधा नस दबल्यामुळे. मांडीखाली किंवा गुडघ्याखालच्या बाहेरच्या बाजूला ती दबते. बैठक उंच केली, टाच थोडी पुढे सरकवली, पाय आलटून-पालटून वर घेतले की त्रास कमी होतो. उठताना पाय लांब करून पुरती जाणीव येईपर्यंत थांबा, कारण बधिर पायावर उभं राहिलं तर घोटा मुरगळतो. उठून बराच वेळ झाला तरी बधिरपणा गेला नाही किंवा पाऊल वर उचलायला जड वाटलं तर ती बैठक सोडा आणि डॉक्टरांना दाखवा.

खुर्ची घेतलीत तर तिच्या पुढच्या अर्ध्या भागात, पाठ न टेकवता बसा. तळवे जमिनीवर पूर्ण टेकलेले, दोन पावलांत खुब्यांइतकं अंतर. पाय लोंबत असतील तर खाली पाट घ्या. सुरुवात पाच मिनिटांपासून करा. एक आठवडा ती सहज गेली तर दोन-तीन मिनिटं वाढवा.

प्रश्न : सहा महिने रोज वीस मिनिटं ध्यानाला बसते. मन निर्विचार होत नाही. उलट एरवी नसतात इतके विचार डोळे मिटल्यावर येतात. कधी कधी तर वीस मिनिटं संपल्यावर लक्षात येतं की सगळा वेळ उद्याच्या कामांची यादीच चालली होती. माझं काय चुकतंय?

उत्तर : विचार वाढलेले नाहीत, ते ऐकू यायला लागले आहेत. पंखा बंद केला की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक कानावर येते, तसंच हे. सहा महिन्यांत तुम्हाला एवढं कळू लागलं, ही साधनेची खूणच आहे.

घोटाळा बहुतेक वेळा 'निरोध' या शब्दापाशी होतो. 'योगश्चित्तवृत्तिनिरोधः', म्हणजे चित्ताच्या वृत्तींचा निरोध हाच योग, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं आणि निरोध म्हणजे दाबून थांबवणं असं मनात बसतं. पण तो साधायचा कसा, हे पतंजली त्याच पादात, म्हणजे योगसूत्रांच्या त्याच भागात, पुढे सांगतात : अभ्यास आणि वैराग्य. अभ्यासाची व्याख्या अशी : 'तत्र स्थितौ यत्नोऽभ्यासः'. तिथे टिकून राहण्याचा यत्न म्हणजे अभ्यास. विचार हाकलणं याला अभ्यास म्हटलेलं नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात तर मन निसटणार हे धरूनच सांगितलं आहे की जिथे जिथे ते जाईल तिथून तिथून त्याला परत आणावं. म्हणजे वीस मिनिटांत मन चाळीस वेळा सुटलं आणि चाळीस वेळा परत आलं तर चाळीस वेळा अभ्यास झाला. बैठक वाया गेलेली नाही.

मात्र अख्खी बैठक यादीत जाते, याचा अर्थ मनाला धरायला दिलेली खुंटी फार बारीक आहे. वीस मिनिटांची अशी वाटणी करून पाहा. पहिली तीन मिनिटं शरीर : कपाळ, जबडा, जीभ, खांदे, पोट, तळहात, एकेक सैल करत या. जबडा आणि जीभ विसरू नका. मनात बोलणं चालू असतं तेव्हा जीभही अगदी बारीक ताणलेली असते. पुढची दहा मिनिटं श्वास मोजा. त्यानंतर पाच मिनिटं मोजणं सोडून नाकपुड्यांपाशी हवेचा स्पर्श. शेवटची दोन मिनिटं काहीच न करता नुसतं बसणं.

मोजायचं ते असं : श्वास आपल्या चालीनं येऊ-जाऊ द्या. सुटणाऱ्या श्वासाच्या शेवटी मनात 'एक', पुढच्याच्या शेवटी 'दोन', असं दहापर्यंत आणि पुन्हा एकपासून. आकडा विसरला की पुन्हा एक. कुठे विसरलो ते शोधत बसू नका. अचानक आपण सतरावर आहोत असं लक्षात आलं तर मोजणं यंत्रासारखं चाललं होतं आणि मन दुसरीकडे होतं. पुन्हा एक. काही दिवसांनी दहाचे फेरे न चुकता होतात, पण मागे यादीही तशीच चालू राहते. त्या वेळी दहापासून एककडे उलटं मोजा.

यात नेमकं काय बिघडतं तेही सांगते. बघायला लागलं की श्वास अवघडतो, आपण तो ओढू लागतो, छाती भरून येते. तसं झालं तर एक मिनिटभर लक्ष श्वासावरून काढून तळहातांच्या स्पर्शावर न्या, श्वास आपोआप मोकळा होतो. दुसरी चूक स्वतःवर वैतागण्याची. 'परत भरकटले!' हाही एक विचारच आहे, आणि बहुधा पहिल्यापेक्षा चिवट. मन गेलेलं दिसलं की त्याला एका शब्दात नाव द्या, 'यादी', 'आठवण', 'काळजी', आणि पुढच्या श्वासाला 'एक' म्हणा. त्यापलीकडे चौकशी नको. तिसरी चूक, आज किती फेरे बिनचूक झाले याचा हिशेब ठेवणं.

यादीसाठी साधा उपाय आहे. बसण्याआधी दोन मिनिटं कागद-पेन्सिल घेऊन जे जे करायचं आहे ते उतरवून काढा. विसरण्याच्या धास्तीनं मन तीच कामं घोकत राहतं, कागदावर आली की त्याला घोकायचं कारण उरत नाही. बसल्यावर मात्र कितीही महत्त्वाचं सुचलं तरी पेन्सिल उचलायची नाही.

बैठकीत पेंग येत असेल तर डोळे अर्धवट उघडे ठेवून हातभर अंतरावरच्या जमिनीकडे नजर सैल सोडा. तरीही पेंग येत असेल तर झोप कमी पडते आहे, आणि त्याला उपाय झोपच.

आणखी एक. योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात एका जागी चित्त बांधणं ही धारणा आणि तिथेच जाणिवेचा अखंड प्रवाह राहणं हे ध्यान, असा फरक केला आहे. आपण ज्याला ध्यान म्हणून बसतो ते बहुतांशी धारणेचे प्रयत्न असतात, आणि त्यात उणं काहीच नाही. मराठीत ध्यान 'लागतं' म्हणतात, झोप लागते तसं. झोप ओढून आणता येत नाही. अंथरूण घालणं, दिवा मालवणं एवढंच आपल्याकडे असतं.

प्रश्न : व्हिडिओ पाहून महिनाभर कुंभकासह नाडीशोधन करतोय. प्रमाण १:४:२, म्हणजे ४ आकडे पूरक (श्वास आत घेणं), १६ कुंभक (कोंडून धरणं), ८ रेचक (बाहेर सोडणं). डोकं जड होतं, छातीत धडधडतं, रात्री झोप लागत नाही. वर रोज ५०० कपालभातीचे ठोके. हा शुद्धीचा त्रास आहे, सोसावा, असं वाचलं. खरं का?

उत्तर : नाही. हा त्रास सोसायचा नसतो. कुंभक आणि कपालभाती आजपासून बंद करा. धडधड दोन-तीन दिवसांत गेली नाही, किंवा छातीत दुखणं, चक्कर, धाप असं काही असेल तर थेट डॉक्टरांकडे जा. साधनेमुळे होत असेल म्हणून थांबू नका.

हिशेब करून पाहा. ४ + १६ + ८ म्हणजे एका श्वासाला २८ सेकंद. मिनिटाला जेमतेम दोन श्वास. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात. इतकी मोठी उडी शरीराला धोक्याची घंटा वाटते. श्वास कोंडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदू श्वास घेण्याची घाई करतो, आपण ती दाबतो. त्यात गळा आणि छाती आवळून धरली तर छातीतला दाब वाढतो आणि डोकं भरून येतं. १:४:२ हे प्रमाण परंपरेत आहे, पण ते पायऱ्या चढून गेलेल्यासाठी. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात म्हटलं आहे की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसा प्राण हळूहळू वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो. सोसा असं तिथे म्हटलेलं नाही.

दोन आठवडे पूर्ण विश्रांतीनंतर पुढच्या क्रमानं जा. प्रत्येक पायरीला किमान दोन आठवडे द्या.

पहिली पायरी बोटांशिवाय. दोन्ही नाकपुड्यांनी ४ आकडे आत, ४ बाहेर, पाच मिनिटं. एक हात पोटावर ठेवा, श्वास घेताना तो पुढे यायला हवा. खांदे वर जात असतील तर श्वास खोल जात नाही, नुसता वर ओढला जातो आहे.

दुसरी पायरी : ४ आत, ६ बाहेर. दहा सेकंदांचा एक श्वास, मिनिटाला सहा. बहुतेकांनी महिनोन्महिने इथेच राहावं, असं आमचं मत आहे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. शरीराला विसावा देणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव त्या वेळी वाढतो. रेचक लांबला की विसाव्याचा काळ लांबतो. झोपेची तक्रार असलेल्यांनी रात्री एवढंच करावं.

तिसऱ्या पायरीला नाडीशोधन, कुंभकाशिवाय. उजव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा तळहाताकडे दुमडा. अंगठा उजव्या नाकपुडीसाठी, अनामिका-करंगळी डाव्या नाकपुडीसाठी. नाकाचं हाड संपून मऊ भाग सुरू होतो तिथे हलकंच टेकवा, नाक वाकवू नका. डावीकडून आत, उजवीकडून बाहेर, उजवीकडून आत, डावीकडून बाहेर : हे एक आवर्तन. सुरुवातीला सहा, मग बारा. ४:६ च्या प्रमाणात बारा आवर्तनांना चार मिनिटं लागतात. दोन मिनिटांत उरकली तर आकडे भरभर म्हटले गेले, असं समजा. पहिले काही दिवस टिकटिक करणारं घड्याळ जवळ ठेवावं. हात भरून येत असेल तर डावा तळहात उजव्या कोपराखाली द्या. सर्दीनं नाक चोंदलं असेल त्या दिवशी दुसरी पायरी पुरे.

आपण जास्त करतो आहोत हे ओळखायची खूण एकच. रेचक संपल्यावर पुढचा श्वास हपापून आत आला की आकडा मोठा झाला. एक आकडा कमी करा. पुढचा श्वास शांतपणे, आपणहून आला पाहिजे. कुंभकाचा विचार यानंतर, आणि समोर बसलेल्या शिक्षकाबरोबरच.

कपालभातीत पोटाला आत झटका देऊन श्वास फक्त बाहेर टाकायचा असतो, आत तो आपोआप येतो. २० ते ३० ठोके, मग मिनिटभर साधा श्वास, अशा तीन फेऱ्या पुष्कळ झाल्या. ठोक्याबरोबर खांदे उडत असतील, चेहरा आवळत असेल तर वेग जास्त आहे. ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या येणं, गरगरणं, याचं कारण कार्बन डायऑक्साइड अति कमी होणं आणि त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावणं. ही ऊर्जेची लक्षणं नव्हेत. उच्च रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार, हर्निया, काचबिंदू असलेल्यांनी, पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी कपालभाती, भस्त्रिका (भात्यासारखा जोरानं श्वास घेणं-सोडणं) आणि कुंभक करू नयेत.

प्रश्न : डोळे मिटल्यावर निळा-जांभळा प्रकाश दिसतो, भुवयांमध्ये दाब येतो, कधी शरीराला झटका बसतो. कुंडलिनी जागृत होते आहे का? परवा आपण शरीराबाहेर आहोत असं वाटलं आणि फार भीती वाटली.

उत्तर : यातल्या पहिल्या तीन गोष्टी अगदी सामान्य आहेत. मिटल्या डोळ्यांना रंग दिसतातच, शांत बसल्यावर ते लक्षात येतात. बुबुळं वर वळवून भुवयांमध्ये पाहण्याचा प्रयत्न केला की डोळ्यांचे स्नायू ताणतात आणि दाब जाणवतो. तसं करत असाल तर थांबवा, डोळे पापण्यांमागे सैल सोडा. झोपेच्या उंबरठ्यावर जसा पाय उडतो तसाच सैल होत जाणाऱ्या शरीराला झटका बसतो. कुंडलिनीचा निर्वाळा यावरून कुणीही देऊ नये. आम्हीही देत नाही.

योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात, विभूतिपादात, विलक्षण अनुभवांबद्दल स्पष्ट इशारा आहे की ते समाधीच्या वाटेतले अडथळे आहेत, बहिर्मुख मनाला मात्र सिद्धी वाटतात. म्हणून प्रकाश आला तर येऊ द्या, गेला तर जाऊ द्या. उद्या पुन्हा दिसावा म्हणून बसलात की साधना तिथेच अडली.

शरीराबाहेर असल्याच्या जाणिवेकडे मात्र हलकेपणानं पाहू नका. बैठक दहा मिनिटांवर आणा, डोळे अर्धे उघडे ठेवा, लक्ष कपाळाऐवजी तळव्यांवर आणि बसण्याच्या हाडांवर ठेवा. दीर्घ श्वसन, कुंभक, मौनाची शिबिरं सध्या नकोत. रोज अर्धा तास चाला, वेळेवर जेवा, पुरेसं झोपा. एवढ्यानं बहुतेकांचं निवळतं. पण दोन-तीन रात्री झोपच आली नाही, दिवसाही सगळं खोटं किंवा दूरचं वाटू लागलं, आवाज ऐकू येऊ लागले, छाती धास्तावलेली राहिली, तर साधना पूर्ण थांबवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आधीपासून मानसिक आजारावर औषधं चालू असतील तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करायची नाहीत. ध्यान हे औषधाच्या जागी येत नाही. यात कमीपणा मानणाऱ्या माणसाचा सल्ला घेऊ नका.

प्रश्न : दोन वर्षं पहाटे उठून तासभर साधना करतो. पण नंतर घरच्यांवर तसाच चिडतो. मुलं म्हणतात, बाबांची साधना झाली की जपून राहायचं. मग उपयोग काय?

उत्तर : मुलांचं म्हणणं मनावर घेण्यासारखं आहे. आसन-प्राणायामाच्या आधी यम-नियम, म्हणजे वागण्याचे नियम, सांगितले आहेत, आणि यमांत पहिली अहिंसा. साधनेनं संवेदना तीव्र होतात. त्यांना वळण मिळालं नाही तर बारीकसारीक आवाजही टोचतो. शिवाय पहाटेची शांतता 'माझी' झाली की ती मोडणारा प्रत्येक जण शत्रू वाटतो.

तासातली शेवटची दहा मिनिटं यासाठी ठेवा. योगसूत्रांच्या पहिल्या पादातलं, समाधिपादातलं, ३३ वं सूत्र चार भावना सांगतं : सुखी माणसाबद्दल मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल मुदिता म्हणजे आनंद, आणि अपुण्याबद्दल उपेक्षा. त्यानं चित्त प्रसन्न होतं. घरातली एकेक व्यक्ती डोळ्यांपुढे आणा आणि आज ती या चारांपैकी कुठे आहे ते पाहा. रुसलेला मुलगा बहुधा 'दुःखी'मध्ये निघतो, आपण त्याला 'अपुण्या'त टाकलेलं असतं. भांडणाचं मूळ पुष्कळदा या चुकीच्या वर्गवारीत असतं.

उपेक्षा शब्दाशी जरा थांबायला हवं. आजच्या मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. सूत्रातला शब्द तसा नाही. जवळून पाहणं, पण त्यात न गुंतणं, असा त्याचा भाव आहे. घरच्यांशी अबोला धरून त्याला उपेक्षाभावना म्हणणारे साधक असतात. ती हिंसाच आहे, फक्त आवाज नसलेली.

ऐन रागाच्या क्षणी भावना आठवत नाहीत, तिथे शरीर उपयोगी पडतं. तुमच्या रागाची पहिली खूण कोणती ते आठवडाभर टिपा : कानशिलं तापणं, जबडा आवळणं, श्वास छातीत अडकणं. प्रत्येकाची ठरलेली असते. ती दिसली की बोलण्याआधी तीन रेचक लांब सोडा. चौथ्या श्वासाला बोललात तरी चालेल, आवाज बदललेला असेल. चुकून ओरडलातच तर त्याच दिवशी जाऊन 'माझं चुकलं' म्हणा, कारणं न देता. हेही साधनेतच धरा.

आणि आसनावरून उठल्यावर पहिली पाच मिनिटं घरातलं एखादं काम करा, कुणी न सांगता. शांतता खोलीत कोंडून ठेवायची सवय त्यानं मोडते.

प्रश्न : आठवडाभर नियम चालतो, मग खाडा पडतो, मग महिना जातो. उपाय?

उत्तर : नियम लहान करा. योगसूत्रांप्रमाणे अभ्यास पक्का होतो तो दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदरानं केल्यानं. त्यात रोज किती तास, ते नाही. म्हणून एक 'किमान' ठरवा, तापात आणि प्रवासातही जमेल असं : आसनावर बसून बारा श्वास. वेळ असेल तेव्हा चाळीस मिनिटं करा, नसेल तेव्हा बारा श्वास. खाडा पडलाच तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नका. त्यानं अंग दुखतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा खाडा पडतो. वेळेपेक्षा जोड महत्त्वाची : दात घासल्यावर लगेच, असं एखाद्या न चुकणाऱ्या कामाला साधना बांधून टाका.

प्रश्न : शवासनात नेहमी झोप लागते. चालेल का?

उत्तर : थकलेल्याला लागली तर लागू द्या. जागं राहायचं असेल तर एक हात कोपरातून उभा ठेवा, डुलकी आली की तो पडतो आणि जाग येते. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली गुंडाळी द्या. दहा मिनिटं पुरेत. उठताना कुशीवर वळून, हाताच्या आधारानं उठा.

प्रश्न : गुरूशिवाय साधना करता येते का? खरा शिक्षक ओळखायचा कसा?

उत्तर : या पानांवरचं बसणं, श्वास मोजणं, ४:६ चं श्वसन, चार भावना आणि शवासन एकट्यानं करता येतं. कुंभक, बंध (गळा, पोट आवळून धरणं), शीर्षासन, शुद्धिक्रिया आणि दिवसेंदिवस मौनात बसणं यांना जाणता माणूस समोर हवा, कारण चूक आपल्याला स्वतःला दिसत नाही.

शिक्षकाकडे गेल्यावर बघा की तो सुरुवातीला तुमचे आजार, औषधं, झोप विचारतो का. 'दुखतंय' म्हटल्यावर तो थांबवतो की सोसायला लावतो? प्रश्न विचारलेला त्याला चालतो का? आपल्याला येत नाही त्यासाठी तो दुसऱ्याकडे पाठवतो का? अमुक दिवसांत जागृतीची हमी देणाऱ्याकडे, औषध बंद करायला सांगणाऱ्याकडे, घरच्यांपासून तोडू पाहणाऱ्याकडे किंवा एकांतात भेटण्याचा आग्रह धरणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. पहिले तीन महिने त्याच्याकडून एकच पद्धत शिका आणि तीच करा. दर आठवड्याला नवा व्हिडिओ, नवी पद्धत असं केलं की कशानं फायदा होतो आणि कशानं त्रास, हे तुम्हालाही कळत नाही आणि शिक्षकालाही सांगता येत नाही. एका वहीत रोज दोन ओळी लिहा : किती वेळ बसलो, श्वासाचं प्रमाण काय होतं, रात्रीची झोप कशी होती. शिक्षकाला भेटाल तेव्हा अनुभव वर्णन करण्याआधी ती वही त्याच्यासमोर ठेवा.